तेहतिसाव्या मंत्रापुढे

मागल्या महिन्यात अकोल्याला, मोर्णेकाठच्या एका देवळात अभिषेक चालला होता. मी कचेरीतून परतत होतो. चपला काढून सहज मागे जाऊन बसलो. विशी-बाविशीचा एक भटजी रुद्र म्हणत होता, तोही साधा नव्हे, घनपाठाने. गळा सुरेख. तेहतिसावा मंत्र झाला, तो पुढे गेला, आणि मी त्याच्या हाताकडे पाहू लागलो. त्याचा उजवा हात स्वरांबरोबर वर, खाली, बाजूला जसा फिरत होता तसा तो काशीत फिरत नाही, पैठणात फिरत नाही, कुठेच फिरत नाही. तो हात मी बसवलेला आहे. बैलगाडीत, जबलपूरच्या अलीकडे, रिकाम्या बोऱ्यांना टेकून.

संपल्यावर मी त्याला विचारले, "हे कुणाकडून शिकलात?"

"बार्शीटाकळीच्या आमच्या गुरुजींकडून. त्यांना अमरावतीच्या गोविंद महाराजांनी दिलं. काशीचा पाठ आहे हा," तो म्हणाला. छाती थोडी पुढे आली होती त्याची.

मी 'छान' म्हणालो आणि घरी आलो. वीस-बावीस वर्षे मी हेच करत आलो. आता लिहून टाकतो. माझ्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मी कारकून आहे, दप्तरे लावतो. लिहायचे आहे ते गोविंदभट गुरुजींविषयी.

गुरुजी अमरावतीला अंबागेटाच्या आत राहायचे. दोन खोल्या, पुढे ओसरी. आतल्या खोलीत आंधळी आई, ओसरीवर आम्ही सहा-सात विद्यार्थी. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, पुन्हा त्यांनी केली नाही. उंची बेताची, छाती पिंपासारखी आणि मान मात्र बगळ्याची. त्या मानेतला गळा हीच त्यांची जहागीर. तिची राखण ते डोळ्यांत तेल घालून करत. चिंच नाही, दही नाही, माठातले पाणी चैत्र-वैशाखातसुद्धा नाही. गालात सदैव ज्येष्ठमधाची काडी. कुणी पाठ बिनचूक म्हटला की कनवटीची नवी काडी काढून त्याला देत. आमच्या ओसरीवरचे सर्वांत मोठे बक्षीस ते.

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचे वेड लागले होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि काळ्या मातीतल्या आमच्या कापसाला कधी नव्हे ते मोल आले. दर्यापूरकडून गाड्यांची जी रांग लागायची ती परकोटाच्या आत शिरेस्तोवर संपायची नाही. हवेत तंतू, भाजीत तंतू, देवावर वाहिलेल्या फुलांत तंतू. गाव त्यात लक्ष्मी पाहत होते. गुरुजींना त्यात फक्त खोकला दिसे. बाहेर पडताना ते ओला पंचा नाकातोंडावर गुंडाळत. गाडीवान त्यांना ओळखून होते.

"महाराज, पदर घेऊन कोठी चालले? सासरवाडीले का?"

गुरुजी पंचा खाली ओढून म्हणत, "अबे, तुहा कापूस वखारीत ने ना. माह्या नरड्यात काहून कोंबून राहिला?" आणि पंचा पुन्हा वर.

ते मारत नसत. आम्ही चुकलो की उठून जवळ येत, उकिडवे बसत, डोळे मिटून कान आमच्या तोंडाशी लावत. "हं. पुन्हा म्हन." दहा वेळा, वीस वेळा. पोथी समोर ठेवायला सक्त मनाई. "कानानं आलं ते तोंडानं द्यावं. डोळ्यानं आलेलं डोळ्यातच राहू द्यावं," हे त्यांचे वाक्य मी हजारदा ऐकले असेन. नुसती वाचून म्हटलेली विद्या त्यांना उष्ट्यासारखी वाटे.

घनपाठ म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मंत्रातले शब्द सरळ न म्हणता गुंफून म्हणायचे. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा सरळ तीन; मग दुसऱ्यापासून हेच. शब्द उलटे आले की त्यांचे सांधे बदलतात, स्वर बदलतात, आमच्या शाखेत स्वर दाखवणारा हातही बदलतो. म्हणून हे गुरूच्या तोंडून ऐकावे लागते. गुरुजींच्या तरुणपणी काशीचे एक घनपाठी फिरत फिरत अमरावतीला आले आणि यांच्याच घरी राहिले. त्यांनी गुरुजींना बाकी बरेच दिले, शेवटी रुद्र द्यायला सुरुवात केली. सहासष्ट मंत्रांपैकी तेहतीस झाले आणि घनपाठी पटकीने तीन दिवसांत गेले.

तेव्हापासून गुरुजी रुद्राचा घन तेहतिसाव्या मंत्रापर्यंत म्हणत आणि थांबत. हात जोडत, क्षणभर गप्प बसत, आणि उरलेले तेहतीस साध्या पाठाने म्हणत. ती क्षणभराची गप्प जागा मी लहानपणापासून पाहिली. भरल्या पंगतीत एखाद्याने पानावरून उठून जावे तसे वाटायचे.

एकदा हरिभाऊ अडत्यांनी ते पाहिले. हरिभाऊ कापसाने नवे नवे मातले होते, पण माणूस मोकळा. गाडीच्या चाकांना त्यांनी चांदीच्या धावा बसवल्या होत्या आणि त्या गाडीच्या पूजेला गुरुजींना बोलावले होते.

"महाराज, अर्ध्यातच काहून उतरले?"

"रस्ता इथवरच हाय, हरिभाऊ."

"मंग पुढचा कोठी भेटते?"

"काशीले."

"मंग जा ना काशीले! माह्या गाड्या चालल्या मिर्झापूरले. बसा त्याच्यावर."

गुरुजी हसले. "मायले कोनावर टाकू? तिले माह्या हातचंच पाणी लागते." मग त्यांची नजर आमच्यावरून फिरली आणि माझ्यावर थांबली. मी वीस वर्षांचा होतो, पाठांतर चांगले होते. "हा जाईन," ते म्हणाले. "दाम्या, जाशीन ना बे? फक्त तेहतीस आन. बाकी काही नाई पायजे मले."

असा मी कापसाच्या गाड्यांबरोबर दीड महिना रस्ता तुडवून काशीला गेलो. निघताना गुरुजींनी दोन मुठी ज्येष्ठमध बांधून दिले आणि वेशीपर्यंत आले, तोंडावर पंचा न घेता.

काशीत दुर्गाघाटाजवळ एक दक्षिणी, म्हणजे आपल्याकडचेच मराठी, घनपाठी होते. त्यांनी मला अर्धा अध्याय म्हणायला लावला. मागे बसलेली मुले माझ्या वऱ्हाडी उच्चारांना फिदीफिदी हसत होती. घनपाठी हसले नाहीत. म्हणाले, "पाया कच्चा नाही, पण माती तिकडची आहे. पहिल्या अध्यायापासून बसा. दोन वर्षांत रुद्रापर्यंत येऊ."

मी बसलो. महिनाभर बसलो. लहान लहान मुलांबरोबर पहिला अध्याय, एकेक अक्षर. मग एक दिवस गेलो नाही. मग आठवडा गेलो नाही.

हे का, याचे कारण मी आयुष्यभर शोधले. मोठेसे कारण सापडले तर बरे झाले असते. आजारपण, अपमान, वाईट संगत. काही नव्हते. मला कंटाळा आला. गंगेत पोहायला शिकलो, नावाड्यांशी दोस्ती केली, घाटावरचे शास्त्रार्थ ऐकत हिंडलो, अन्नछत्रात जेवलो. उद्या जाऊ, असे अकरा महिने म्हणालो. मग हरिभाऊंच्या मुनिमाबरोबर निरोप आला: गुरुजींचा खोकला वाढला आहे, गळा राहील तोवर ये.

परतीच्या गाडीत मी घाबरलो. काशीत उतरवून घेतलेली मूळ शब्दांची एक वही माझ्याजवळ होती. रिकाम्या बोऱ्यांना टेकून मी एकेका मंत्राचे शब्द गुंफू लागलो. एक-दोन, दोन-एक. सांधे अंदाजाने जोडले. स्वर कळेना तिथे कानाला बरा वाटला तो घेतला. हात मनाने फिरवला. गाडीच्या बैलांनी जितक्यांदा मान हलवली असेल तितक्यांदा मी घोकले. अमरावतीला पोचेपर्यंत तेहतीसच्या तेहतीस माझे पाठ होते.

मी विचार केला होता की गुरुजींना एकदा म्हणून दाखवीन, ते समाधान पावतील आणि प्रकरण मिटेल. गुरुजी काय करतील हे माझ्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गेलो तर त्यांच्या नेहमीच्या जागी पाट मांडलेला. गुरुजी खाली, जमिनीवर, आमच्या जागेवर मांडी घालून बसलेले. अंगावर धुतलेले धोतर.

"बसा," ते म्हणाले.

"गुरुजी, हे काय? मी कुठे..."

"विद्या ज्याच्यापाशी हाय तो वर बसन. बसा दामोदरभट. सांगा."

जन्मात त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. मी बसलो. पाट गरम तव्यासारखा लागत होता. मी एक तुकडा म्हटला, त्यांनी डोळे मिटून तो जसाच्या तसा परत म्हटला, माझे चुकीचे हातवारेसुद्धा तसेच. पन्नाशीचा, वऱ्हाडातला एकमेव घनपाठी, माझ्या पुढ्यात विद्यार्थी होऊन बसला होता. पाठ संपला की उठत, माझ्या पाठीत थाप मारत, "अबे दाम्या, काय खाऊन आला बे काशीचं? चाल, माय वाट पाहून राहिली." पुन्हा सकाळी "सांगा दामोदरभट."

कधी एखाद्या सांध्यापाशी ते अडखळत. "इथं मले असं वाटलं असतं," म्हणत आणि शब्द वेगळा जोडून दाखवत. तो ऐकताक्षणी मला कळे की तेच खरे. शुद्ध, खणखणीत. मग स्वतःच मान हलवत. "पन तुमी काशीत ऐकलं ते खरं. माह्या वाटन्याले काय अर्थ हाय?" आणि आपले खरे टाकून माझे खोटे घेत.

जुळवायचेच असते तर त्यांनी ते वीस वर्षांपूर्वीच जुळवले असते, माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले. त्यांना ते येत होते. तसे करायचे नाही म्हणून ते इतकी वर्षे तेहतिसाव्या मंत्रापाशी हात जोडून थांबले होते. हे मला त्या पाटावर बसल्यावर समजले. त्याच क्षणी खाली उतरून पाय धरायला हवे होते. मी पुढचा तुकडा सांगितला.

एकीला मात्र कळले. आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "गोंदा, थे तसं नाई रे."

"काय, माय?"

"थे काशीचे महाराज पहाटे ओसरीवर सारा रुद्र म्हनत. मी चुलीपाशी ऐकलं हाय सारं. थे तसं नाई. हे पोट्टं काही तरीच म्हनून राहिलं."

गुरुजींचा आवाज आईपुढे चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. "माय, तू उगी राय! तुले काय समजते त्याच्यातलं?" मग माझ्याकडे वळून, हात जोडून, "रागावू नका. म्हातारं मानूस हाय."

आत म्हातारी पुटपुटत राहिली. मी तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. पुढे वर्षाच्या आत ती गेली.

गळ्याचे म्हणाल तर, नवा पाठ मिळाल्यापासून गुरुजींचा खोकला कमी झाला. लोक म्हणत, काशीचा गुण. त्यांनी पहिल्यांदा पूर्ण रुद्र घनाने म्हटला तो अकोल्याला, हरिभाऊंच्या व्याह्यांनी बांधलेल्या देवळात. तेहतिसावा मंत्र आला. मी सवयीने त्या गप्प जागेची वाट पाहिली. ती आली नाही. गुरुजी थेट पुढे गेले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. हात स्वर दाखवण्यात गुंतलेला, म्हणून पुसताही येत नव्हते.

पाहुण्यांत पैठणचे एक वृद्ध वैदिक होते. उत्तरार्ध सुरू झाला तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. संपल्यावर त्यांनी विचारले, "गोविंदभट, हा पुढला भाग कुठला?"

"काशीचा. माह्या ह्या दामोदरानं आनला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता. सुटलो एकदाचा. पण ते उपरणे सावरत म्हणाले, "काशीत म्हणत असतील बुवा असं. आम्ही कोण?" आणि विषय संपला. काशीचे नाव असे आहे. त्याच्यापुढे शहाणीसुरती माणसे आपल्या कानावरचा भरवसा सोडतात. त्या दिवशी तिथेच बार्शीटाकळीच्या दोन तरुणांनी गुरुजींना साष्टांग घातला आणि शिकवा म्हणाले. गुरुजींनी शिकवले. मनापासून, वीस-वीस वेळा ऐकून, कान तोंडाशी लावून.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला. हरिभाऊंच्या गाडीच्या धावा पुन्हा लोखंडाच्या झाल्या. रस्त्यातले तंतू कमी झाले, गुरुजी पंचा न गुंडाळता हिंडू लागले. आई नव्हती, पाश नव्हता. बडनेऱ्यावरून आगगाडी जाऊ लागली होती. एक दिवस त्यांनी मला बोलावले.

"दाम्या, म्या काशीले जातो. तुह्या त्या घनपाठींपुढं एकदा बसतो अन् सारा रुद्र म्हनून दाखवतो. त्याहीनं दिलं म्हनून मले भेटलं. पावती नको द्यायले?"

मी काहीबाही बोललो. थंडी, अंतर, वय. ते हसत होते. मग माझ्या तोंडून निघाले, "गुरुजी, ते आता नाहीत. ते वारले. मला परवाच कळलं."

गुरुजी उठले, अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर गेले आणि घागर डोक्यावर ओतून घेतली. दुसरी घागर माझ्या डोक्यावर ओतली. "आचार्याचं तीन दिवस धरावं लागते. तुहे तर ते सख्खे गुरू. चाल, घोंगडी टाक."

तीन दिवस आम्ही दोघे त्या ओसरीवर घोंगडीवर बसलो. अळणी जेवलो. एका जिवंत माणसाचे सुतक धरले. गुरुजी मला त्यांच्याविषयी विचारत: दिसत कसे, बोलत कसे, रागावत का. मी सांगत होतो. 'फार प्रेमळ होते,' असे म्हणालो. गुरुजींनी डोळे पुसले.

चौथ्या दिवशी आंघोळ करून ते म्हणाले, "आता तर जायलेच पायजे. त्याहीच्या मागं त्याहीचे शिष्य असतीन. त्याहीच्या जागेवर बसून म्हनतो. तेच त्याहीचं श्राद्ध."

दुसरी थाप मारून मी त्यांना थांबवायला गेलो आणि आणखी लौकर पाठवले. त्यांना अडवायला आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्याच्याने सांगवत नव्हती. रोज सकाळी ठरवायचो. रोज त्यांचे ते उजळलेले तोंड दिसायचे, आणि मी दुसरेच काही बोलायचो.

ते परत आले नाहीत. पत्रही नाही. दोन वर्षांनी दर्यापूरचे एक यात्रेकरू आले. ते म्हणाले, दुर्गाघाटाच्या बाजूला एका पाठशाळेत एक म्हातारा वऱ्हाडी पाहिला. लहान लहान मुलांच्या रांगेत शेवटी बसून पहिला अध्याय घोकत होता. नाव त्यांनी विचारले नव्हते. मान लांब होती का, असे मी विचारणार होतो. विचारले नाही. काशीला जाऊन पाहायला हवे होते. तेही केले नाही. त्यानंतर मी वैदिकी सोडली आणि कचेरीत चिकटलो. लोकांना वाटले, पगारासाठी.

बार्शीटाकळीकडच्या ज्या कुणापर्यंत हे पोचेल त्यांना हात जोडून सांगतो: तेहतिसाव्या मंत्रापुढचा तुमचा घन काशीचा नाही. थांबा तिथे. गुरुजी थांबत तसे.

मला गुरुजी शेवटचे दिसले ते बडनेऱ्याच्या फलाटावरून. आगगाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. वळकटी मांडीवर घेऊन खिडकीशी अवघडून बसले होते. शेजारी चांदूरला उतरणाऱ्या माळणीची टोपली होती, तिच्यातले वांगे घरंगळले ते त्यांनी उचलून परत ठेवले. मग धीर यावा म्हणून की काय, म्हणू लागले. चौतिसावा मंत्र. माझा. भर डब्यात उजवा हात वर, खाली, बाजूला. माळीण हात जोडून ऐकत होती. शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागलो आणि "गुरुजी" अशी हाक मारली.

ते म्हणता म्हणता थांबले. हात तसाच हवेत. चेहऱ्यावर एकदम विद्यार्थ्याची भीती आली.

"काहून? चुकलं का माहं कोठी? सांगा, सांगा लौकर."

"नाही, गुरुजी," मी म्हणालो. "बरोबर आहे."

त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी मान हलवली आणि जिथे सोडले होते तिथून पुढे म्हणू लागले.